गरुड आणि गवळी यांच्या मध्ये

बाई चारोळी खात नसत. लग्नाच्या पंगतीत बासुंदी वाढली तरी एकेक दाणा चमच्याने वेचून वाटीच्या कडेला लावून ठेवायच्या.

•

खालच्या गिरणीचा पट्टा तुटला की वर आमचं काम थांबायचं. त्या धडधडीची इतकी सवय झाली होती की शांततेत काही सुचत नसे.

•

"नंतर नाशिक येथे मुख्याध्यापक पूर्णविराम."

"हं."

•

"तुमच्या कोशात शिरायचं तर मरावं लागतं, बाई. आणि नुसतं मरून भागत नाही, दाखलाही लागतो." असं म्हणून तात्यासाहेब बोरसे स्वतःच हसायचे, आणि बाई त्यांच्यापुढे चहाची बशी सरकवायच्या.

•

दारावरची पाटी: वा. के. गर्गे, बी.ए., बी.टी. दिवाळी आली की बाई स्टुलावर चढून ती अक्षरं काळ्या रंगाने गिरवायच्या. कार्यालयाची पाटी तिच्याखाली, लहानशी. ती कधी कुणी गिरवली नाही.

•

मोहाच्या झाडाखालची माती मऊ असते, असं एका माणसाने मला जिन्यात सांगितलं.

•

तो माणूस आला तेव्हा मे महिना होता आणि पायऱ्यांवर पाय ठेवता येत नव्हता इतकं ऊन. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्यांत आमचं कार्यालय होतं आणि मागच्या खोलीत बाई राहायच्या. मी पाण्याचा माठ भरायला बाहेर आले, तर जिन्याच्या वरच्या टोकाला एक जण उभा. अंगात पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी, वय तिशीच्या आसपास. दार उघडं होतं, पण तो आत येत नव्हता. पाटी वाचत होता. दोन ओळींची पाटी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

कोश मंडळाचं कार्यालय हेच का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग आवाज खाली आणून त्याने पाटीकडे बोट केलं.

"हे गर्गे. इथं कोण राहतं?"

"बाई राहतात. त्यांच्या पत्नी."

तो तिथेच तापलेल्या पायरीवर बसला. मी आतून पाणी आणून दिलं. तांब्या त्याने हातात नुसताच धरून ठेवला.

•

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

आम्ही शिक्षकांचा चरित्रकोश काढत होतो. खानदेशातल्या शाळांत शिकवून गेलेल्या माणसांच्या नोंदी, अकारविल्हे. गिऱ्हाईक म्हणजे शाळांची ग्रंथालयं आणि अध्यापक विद्यालयं. कादंबरीसारखं हे कुणी उशाशी घेऊन वाचत नाही. कुणाला तरी केव्हातरी एक नाव शोधायचं असतं आणि त्या वेळी ते सापडलं पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कल्पना गर्गे सरांची. शिक्षक मरतात आणि त्यांची कुठे ओळसुद्धा उरत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि लग्नाच्या पहिल्या वर्षापासून नवरा-बायको कार्डं लिहायला लागले. नियमही सरांनीच घातला: कोशात फक्त दिवंगत व्यक्ती. जिवंत माणसाची नोंद नाही, मग तो कितीही मोठा असो. पुढे बाईंनी त्यात भर घातली. मरण्याची नोंद एकतर कागदावरून घ्यायची, नाहीतर प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन माणसांच्या सांगण्यावरून. ऐकीव काही नाही. आधी एकदा एका निवृत्त गुरुजींना ऐकीव माहितीवर कोशात घातलं होतं आणि गुरुजी स्वतः काठी टेकत जिना चढून आले होते. बाईंनी त्यांना शिरा खाऊ घातला आणि त्या दिवशी नियम केला.

मुद्रितं तपासायची पद्धतही दोघांची. छापखान्यातून कागद आला की एकाने तो मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम, कंस, आडवी रेघ सगळ्यासकट. दुसऱ्याने हस्तलिखित समोर धरून ताडून पाहायचं. ओळ जुळली की "हं" म्हणायचं. "हं" आल्याशिवाय पुढची ओळ नाही. आला नाही तर तीच ओळ पुन्हा. त्या दिवसांत सर वाचायचे आणि बाई हं म्हणायच्या. मी नोकरीला लागले ती सरांच्या जागी म्हणायला हरकत नाही. बी.ए. होऊन घरी बसले होते, बाईंनी एक पान वाचायला दिलं आणि म्हणाल्या, "तू वाचताना नटवत नाहीस. उद्यापासून ये."

सर मात्र नव्हते. धुळ्याची पक्की नोकरी सोडून ते सातपुड्यात, धडगावच्या पलीकडे एका पाड्यावर शाळा चालवायला गेले होते. सुट्टी लागली की यायचे, झोळीभर चारोळी घेऊन. बाई ती निवडायच्या आणि सर शेजारी बसून मुद्रितं वाचायचे. एका उन्हाळ्यात ते आले नाहीत. बाईंचे भाऊ डोंगरात जाऊन आले, पण पाड्यावर कुणी तोंड उघडलं नाही. खात्याने 'विनापरवानगी गैरहजर' असा शेरा मारला आणि शाळा बंद केली. गल्लीने त्याचा अर्थ लावून टाकला. तिकडेच कुणी ठेवली असेल, जंगलात काय, कोण विचारतंय. हे बाईंच्या कानावर येत होतं. त्या कुंकू लावत आणि पाटी गिरवत.

पीठ सगळीकडे असायचं. कार्डांवर, शाईच्या दौतीत, आमच्या भुवयांवर. तात्यासाहेब मंडळाचे कार्यवाह. नव्या वाचनालयाच्या इमारतीत त्यांनी आमच्यासाठी दोन मोठ्या खोल्या राखून ठेवल्या होत्या, पंख्यासकट. बाई दर वेळी नाही म्हणायच्या. पत्ता बदलला की लोक चुकतात, एवढंच कारण द्यायच्या. तात्यासाहेब म्हणायचे, कोश मोठा आणि बाईंचं मन एवढंसं.

त्या उन्हाळ्यात 'ग' छापायला चालला होता. पावसाळ्यात शाळा उघडायच्या आत खंड बाहेर पडायला हवा होता. कार्डांच्या खणात 'गरुड' आणि 'गवळी' यांच्या मध्ये एक कोरं कार्ड होतं. मी लागले तेव्हापासून होतं. त्यावरूनच तात्यासाहेबांचं आणि बाईंचं वाजलं.

"मृत्यू अज्ञात, असं घालू," तात्यासाहेब म्हणाले. "बाकीच्यांना घातलंय की आपण."

"अज्ञात म्हणजे वर्ष माहीत नाही. मरण माहीत असतं, तात्यासाहेब."

"मग नोंद वगळायची?"

"वगळलीच आहे."

"अहो, ज्याने कोश मांडला तोच कोशात नाही. लोक मला विचारतात. उद्या तुम्ही-आम्ही गेलो की त्यांचं नाव कुठे राहणार? या गिरणीत?"

"जिवंत माणूस कोशात येत नाही," बाई म्हणाल्या. "नियम त्यांचाच आहे."

तात्यासाहेबांनी टोपी उचलली आणि चहा तसाच ठेवून ते खाली उतरले. असं कधी झालं नव्हतं.

•

पायरीवरच्या माणसाचं नाव रुमसिंग पावरा. आश्रमशाळेत शिक्षक होता. दिवंगत शिक्षकांची माहिती कळवा म्हणून आम्ही शाळांना पत्रकं पाठवली होती, त्यातलं एक त्याच्या शाळेत पोचलं होतं. तो पोस्टाने न पाठवता स्वतः नोंद लिहून घेऊन आला होता. बाईंचा आणि सरांचा संबंध त्याला ठाऊक नव्हता. कोशाच्या कचेरीत कुणी कारकून असेल, त्याच्या हातात कागद द्यायचा आणि परतीची गाडी पकडायची, असं धरून तो आला होता.

"शालन, कोण आहे गं?" बाईंनी आतून विचारलं.

"नोंद घेऊन आलेत, बाई."

"कुणाची?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्या हातात होता. तो बोलणार नाही हे मला कळलं, आणि नोंद कशी वाचायची ते मला एकाच तऱ्हेने येत होतं.

"गर्गे, वामन केशव."

आत पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "उन्हात कशाला उभं केलंस? आत बोलाव."

त्यांनी त्याला खुर्ची दिली. माहिती देणारा कुणीही आला की भरायची एक चिठ्ठी असायची, ती त्यांनी काढली. नाव, गाव, हुद्दा विचारून लिहिला. तो उत्तरं देत होता आणि अधूनमधून काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, पण बाईंचा पुढचा प्रश्न तयार असायचा. मी दाराशी उभी होते.

"व्यक्ती वारली हे कशावरून?"

"मी होतो तिथं."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो, बाई. चौथीत होतो मी."

बाईंनी ते लिहिलं. अक्षर नेहमीसारखं, सुटं.

"तुमच्याखेरीज आणखी कोण होतं?"

"माझा मामा. तो यंदा होळीच्या आधी वारला."

"म्हणजे साक्ष एकच." बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना मागे टेकलेलं फारसं पाहिलं नव्हतं. "आम्ही एका साक्षीवर मृत्यू घेत नाही, गुरुजी. तुम्ही एवढ्या लांबून आलात. पण नियम आहे. शालन, त्यांना ताक दे."

मी ताक आणलं. तो ते प्यायला नाही. बाईंकडे न बघता, टेबलावरच्या पिठावर बोट ठेवून त्याने सांगायला सुरुवात केली. मामा पाड्याचा कारभारी होता. बाहेरचा माणूस आपल्या शिवारात मेला हे कळलं तर पोलीस येतील, पाडा उठवतील, अशी त्याला भीती. आदल्याच वर्षी जंगलाच्या शिपायांनी चार घरं जाळली होती. मामाने सगळ्यांना शपथ घातली. बाईंचे भाऊ आले तेव्हा रुमसिंग, चौथीतला पोरगा, कुडाच्या मागून त्यांना पाहत होता. मामा जिवंत होता तोवर शपथ होती.

मग तो दिवस सांगितला. मामा आणि तो सरांबरोबर घाट उतरत होते. भरदुपारी. सर थांबू या म्हणत नव्हते. उतारावर सरांना ऊन लागलं. मोहाच्या झाडाखाली निजवलं, पाणी पाजलं, ते बाहेर आलं. अंग तव्यासारखं. मामा पाला वाटत होता आणि पोराला सांगितलं होतं, गुरुजींजवळ बस.

कुठे निघाले होते, हे बाईंनी विचारलं नाही.

"सर बोलत होते," रुमसिंग म्हणाला. "पण आमच्याशी नाही."

चिठ्ठीत नसलेला पहिला प्रश्न बाईंनी तेव्हा विचारला. "काय बोलत होते?"

"वाचत होते, बाई. हातात कागद नव्हता तरी वाचत होते. मामाला वाटलं मंत्र आहे, तो हात जोडून बसला. पण मला शब्द कळत होते, सरांनीच शिकवलेले. स्वल्पविराम. पूर्णविराम. नवा परिच्छेद. थोडं म्हणायचे आणि थांबायचे. माझ्याकडे बघायचे. मग परत तेच. तीच ओळ. मला वाटलं, सरांना माझ्याकडून काहीतरी उत्तर हवंय. मला ते येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते तेच म्हणत होते, बाई, आणि मला येत नव्हतं."

खाली गिरणी चालू होती. टेबलावरचा पिठाचा थर अगदी बारीक थरथरत होता, नेहमी थरथरायचा तसा.

बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्याच्याकडे म्हणावं, की तो बसला होता त्या खुर्चीकडे.

"हं," त्या म्हणाल्या.

मुद्रितं वाचताना म्हणायच्या तसंच. पुढे जा, जुळलं.

थोड्या वेळाने आणखी एकदा म्हणाल्या, "हं."

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, चिठ्ठी पुढे ओढली आणि दुसऱ्या साक्षीच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. अनसूया वामन गर्गे. शाई टिपून घेतली.

"महिना कुठला होता, गुरुजी?"

त्याला महिना येत नव्हता. मोहाची फुलं संपली होती, आंबे पाडाला आले होते. दोघांनी मिळून हिशेब बसवला. वर्ष त्याच्या चौथीवरून काढलं.

•

त्याची नोंद बाईंनी तिथेच दुरुस्त केली. 'देवमाणूस' खोडलं. 'अनंत उपकार' खोडलं. 'मुलांना स्वतःच्या ताटातले खाऊ घालत' यापाशी थांबल्या आणि ठेवलं, फक्त 'स्वतःच्या ताटातले' काढून 'स्वखर्चाने' केलं. शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यावर हात ठेवून त्या खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या. मग हात उचलून पट्टी लावली आणि त्या वाक्यावर सरळ रेघ मारली.

"ते खरं आहे, बाई," रुमसिंग म्हणाला.

"असेल. कोशाला लागत नाही."

त्यांनी त्याला जेवायला वाढलं. बटाट्याची भाजी आणि पोळी, आणि तो नको नको म्हणत असताना वर दहीभात. समोर बसून जेवण संपेपर्यंत त्या त्याला शाळेबद्दल विचारत राहिल्या: पटावर किती मुलं, कपाट आहे का, पुस्तकं वाळवीने खाल्ली तर काय करता. पहिला खंड त्यांनी स्वतः कागदात बांधून त्याच्या पिशवीत घातला.

मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. खाली उतरण्याआधी तो वळला.

"आमच्यात पुरतात," तो म्हणाला. "बाईंना सांगा, मोहाच्या झाडाखालची माती मऊ असते. दगड लागला नाही."

मी ते बाईंना सांगितलं नाही. नंतर कधी सांगायची वेळ आली नाही.

•

छापखान्यातून 'ग'चा शेवटचा कागद आला. सकाळची वेळ, खाली ज्वारीची रांग लागलेली. बाई म्हणाल्या, "मी हस्तलिखित धरते. तू वाच."

गरुड झाले. "खादीचे व्रत अखेरपर्यंत पाळले पूर्णविराम." "हं."

"गर्गे स्वल्पविराम वामन केशव उघडा कंस एकोणीसशे चोवीस आडवी रेघ एकोणीसशे बासष्ट बंद कंस पूर्णविराम."

मी थांबले.

खाली कुणीतरी गिरणीवाल्याशी जाडं दळलं म्हणून भांडत होतं. मी कागदावरून मान वर केली नाही. आमच्या कामात वर बघायचं नसतं, ओळ हरवते. बाईंच्या बांगड्या टेबलाला लागल्याचा आवाज झाला आणि थांबला.

"हं" आला नाही. नियमाप्रमाणे मी तीच ओळ पुन्हा वाचली. गर्गे, स्वल्पविराम. वामन केशव. कंस. एकोणीसशे चोवीस. आडवी रेघ. आवाज नटवू दिला नाही. एकोणीसशे बासष्ट. बंद कंस. पूर्णविराम.

थांबले.

तिसऱ्यांदा वाचायला तोंड उघडलं तेव्हा बाई म्हणाल्या, "हं."

पुढे सगळं सरळ झालं. शिक्षण, नोकऱ्या, पाड्यावरची शाळा, उष्माघाताने निधन. एका ठिकाणी अक्षराचा खिळा उलटा बसला होता, तो बाईंनी दाखवला, मी खूण केली. नोंद संपली.

"गवळी स्वल्पविराम शंकर दौलत."

"हं."

तो कागद संपेपर्यंत आम्ही वाचत राहिलो. संपल्यावर बाईंनी हस्तलिखिताच्या कडा जुळवून दोरा बांधला.

"छापखान्यात जाताना तात्यासाहेबांकडे डोकावून ये," त्या म्हणाल्या. "नव्या इमारतीतल्या खोल्या अजून असतील तर चालेल म्हणावं. आता पत्ता बदलला तरी काही नाही."

तात्यासाहेबांना आधी ते खरंच वाटेना. मग मी सगळं सांगितलं. ते खुर्चीतून उठले, टोपी घातली, पुन्हा काढली आणि बसले. म्हणाले, "मी त्यांना काय काय बोललो."

•

सामान हातगाडीवरून गेलं. खणांवर ओली फडकी टाकली होती तरी वाटभर पीठ उडत होतं. सगळं भरून झाल्यावर मी पाटी काढायला स्टूल आणलं. बाई जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "राहू दे ती. घरमालक काढेल."

आणि कठड्याला धरून खाली उतरल्या.

खंड वेळेवर निघाला. मागे एका शाळेच्या ग्रंथालयात तो मला दिसला, मी उघडून पाहिला. दोन नोंदींच्या मध्ये नोंद आहे, चौदा-पंधरा ओळींची, एकही चूक नाही. बाईंची स्वतःची नोंद नंतरच्या पुरवणीत आहे. ती मी लिहिली. तिचं मुद्रित वाचायला समोर कुणी नव्हतं. नव्या पद्धतीत एकच माणूस मनातल्या मनात वाचतो.

बाईंनी रेघ मारलेल्या वाक्यात होतं: त्या दुपारी सर धुळ्याला निघाले होते. झोळीत चारोळी होती.